घणाचा नाद आणि देहाचा ठेका : ब्लॅक सॅबथच्या 'थर्टीन'च्या निमित्ताने

दीर्घ कारकीर्द लाभलेल्या कलावंताच्या उत्तरकालीन कृतीचे मूल्यमापन करताना मराठी समीक्षा साधारणतः दोन ठरीव पवित्रे घेते. एक तर ती कृती साऱ्या साधनेचा परिपाक मानली जाते, किंवा मग जुन्या भांडवलावरचे व्याज म्हणून तिची बोळवण होते. १९७९ च्या 'झूल'नंतर तीन दशकांनी, २०१० मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' आली तेव्हा पुष्कळ वाचक तिच्यात खंडेरावाऐवजी पांडुरंग सांगवीकरालाच शोधत होते. तो सापडला नाही म्हणून काही रुसले, सापडल्यासारखा वाटला म्हणून काही सुखावले. दोन्ही प्रतिक्रियांमध्ये नवी कृती ही जुन्या कृतीची साक्षीदार ठरते. तिला स्वतःचे असे काही म्हणायचे आहे काय, हा प्रश्न मागे पडतो.

हाच प्रश्न साहित्याबाहेरच्या एका कृतीच्या संदर्भात अधिक उघडपणे मांडता येतो. 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रजी वाद्यवृंदाचा 'थर्टीन' हा ध्वनिसंग्रह जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७८ च्या 'नेव्हर से डाय'नंतर मूळ गायक ऑझी ऑस्बोर्न याच्यासह या वृंदाने केलेला हा पहिला संपूर्ण ध्वनिमुद्रित संग्रह. मध्ये ३५ वर्षे गेली होती. ब्रिटनमध्ये तो विक्रीच्या यादीत पहिला आला. हे स्थान वृंदाला तेथे यापूर्वी १९७० च्या 'पॅरानॉइड'ने मिळवून दिले होते. अमेरिकेत तर ते प्रथमच लाभले. परंतु विक्रीचा आकडा हा समीक्षेचा निकष नव्हे. 'थर्टीन' ही उत्तरकालीन कृती आहे की केवळ उशिरा आलेली कृती आहे, हा खरा प्रश्न आहे; आणि हे दोन एक नव्हेत.

उत्तरकालीन शैलीची आज रूढ असलेली संकल्पना आडोर्नोने १९३७ मध्ये बेथोव्हनच्या शेवटच्या रचनांविषयी लिहिलेल्या टिपणातून येते. एडवर्ड सैद यांनी तिचा विस्तार केला. त्यांचे पुस्तक २००६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. या दोघांच्या मते श्रेष्ठ उत्तरकालीन कृती शांत, समंजस, पिकलेली नसते. ती तडे गेलेली, न जुळणारी, स्वतःच्या काळाशी फटकून वागणारी असते. मराठीत अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'चा (२००३) विचार या दिशेने करता येण्याजोगा आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे अडचण अशी की आडोर्नो आणि सैद या दोघांनाही एकटा कलावंत अभिप्रेत आहे : एक देह, एक आयुष्य, एक मृत्यूची चाहूल. चार जणांच्या वृंदाची उत्तरकालीन शैली कोणाची? त्यातला एक गैरहजर असेल तर? दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. लोकप्रिय संगीत साचेबंद पुनरुक्तीवर जगते म्हणून आडोर्नोने ते समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते. हेवी मेटलचे तर सगळे व्याकरणच पुनरुक्तीचे आहे. गिटारवर वाजणारे, चार-सहा स्वरांचे, पुन्हापुन्हा येणारे वाक्य म्हणजे 'रिफ' हा या संगीताचा घटक. ज्या प्रकारात पहिल्या दिवसापासून पुनरुक्ती हाच घाट आहे, तिथे उत्तरकाळातल्या कृतीवर 'स्वतःचीच पुनरुक्ती' हा आरोप कसा ठेवायचा?

या प्रश्नाच्या वाटेवर एक बळकट आख्यायिका उभी आहे, तिचा निकाल आधी लावावा लागतो. हेवी मेटल बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून जन्मले, अशी ती आख्यायिका. तिला पुरावेही आहेत. चौघेही अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतले. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, प्रेसच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबणारा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'पासून तारा दीड स्वराने उतरवून सैल केल्या, आणि त्यातून तो खोल, जड नाद आला. ऑस्बोर्नने काही काळ मोटारींचे भोंगे तपासण्याचे काम केले होते. या तपशिलांवरून समीक्षक सरळ निष्कर्ष काढतात : घणांचा नाद गिटारीत उतरला. हा प्रतिबिंबवाद आहे, आणि मराठी समीक्षेतील एका धारेला तो फार ओळखीचा आहे. गिरणीच्या भोंग्याचा उल्लेख आला की कविता कामगारांची झाली, असे मानण्यात हीच गफलत होती.

या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायला महाराष्ट्रात भिवंडीइतके सोयीचे ठिकाण नाही. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग लावले. विसाव्या शतकात वीज आल्यावर ते यंत्रमाग झाले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग इथे येऊन पुन्हा चालू लागले, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे कामही मोठ्या प्रमाणावर इकडे वळले. मागांची संख्या लाखोंत गेली. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत आदळतो. कारखान्यातला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत, मीटरवर मजुरी घेत, तो आवाज ऐकत राहतात. धोटा उडून होणाऱ्या इजाही या धंद्याला नव्या नाहीत. लोखंडाचा नाद, इजा, दारिद्र्य, धूर, एवढेच जर हेवी मेटलचे कारण असते, तर भिवंडीने ते बर्मिंगहॅमच्या आधी निर्माण करायला हवे होते.

तसे झाले नाही. भिवंडीत मुशायरे आहेत, कव्वाली आहे. पूर्वांचलातून आलेल्या मजुरांचा बिरहा आहे, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची गाणी आहेत, आणि भोवतालच्या आगरी गावांत लग्नात धवलारीण अजूनही धवळे म्हणते. यांतल्या एकातही मागाचा आवाज 'उतरलेला' नाही. बिरह्याचा विषय आहे ताटातूट. यंत्राचा गडगडाट त्याला नकोच आहे, त्याला हवे आहे ते त्या गडगडाटात हरवलेले गाव. कारण आवाज आपोआप संगीत होत नाही. त्याच्या आणि संगीताच्या मध्ये पुष्कळ काही असावे लागते : हप्त्यावर घेता येणारी गिटार, अमेरिकी ब्लूजच्या तबकड्या, पाळीनंतर उरणारी संध्याकाळ, कुटुंबाजवळ घालवलेले तारुण्य. अ‍ॅस्टनच्या मुलांना हे मिळाले होते. ते आपल्याच गावात, आपल्याच भाषेत कामगार होते. भिवंडीचा कामगार बहुधा दुसऱ्याच्या गावात, अर्ध्या रात्री पाळी बदलणारा स्थलांतरित आहे. त्याचे गाणे मागचे पाहते.

आणखी एक गोष्ट भिवंडीच्या कारखान्याच्या दारात उभे राहिल्यावरच कळण्यासारखी आहे. शेकडो माग एकाच वेळी चालतात, पण एकाचा ठेका दुसऱ्याशी जुळलेला नसतो. त्यामुळे बाहेर जे ऐकू येते त्यात ठेका मुळी नसतोच. तो एक अखंड, दाणेदार खळखळाट असतो. त्यातून ठेका ऐकायचा तर कानाला एक माग निवडावा लागतो, बाकीचे गाळावे लागतात. मर्ढेकरांनी सौंदर्यभावनेचा उगम संवेदनांत न पाहता त्यांच्या लयबद्ध संघटनेत पाहिला, आणि त्या संघटनेचे नियम संवाद, विरोध व समतोल असे मांडले. त्या मांडणीवर आक्षेप पुष्कळ आहेत, पण इथे ती अचूक लागू पडते. कारखाना केवळ संवेदना पुरवतो. लय ही निवड आहे, आणि निवड करणारा देह तिच्यात हजर असतो.

मग ब्लॅक सॅबथने काय निवडले? इथे आख्यायिका पुरतीच उलटी होते. यंत्र जलद असते. माग सेकंदाला दोनहून अधिक ठोके देतो; प्रेस आणि घण यांनाही विसावा माहीत नसतो. फेब्रुवारी १९७० च्या पहिल्या संग्रहातील, वृंदाच्याच नावाचे ते पहिले गीत मात्र विलक्षण संथ आहे. तीन स्वर : षड्ज, त्याचा वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. प्रत्येक स्वर पूर्ण विरेपर्यंत वाजू दिलेला. पाळी संपवून जिना चढणाऱ्या माणसाच्या पायांचा हा वेग आहे, यंत्राचा खासच नव्हे. हेवी मेटलमधले 'हेवी' म्हणजे यंत्राचे अनुकरण नसून यंत्राने देहात ठेवून दिलेले जडत्व होय, असे म्हटले तर त्या संगीताची बरीचशी वैशिष्ट्ये उलगडतात. सैल तारा, ओघळता ठेका, अनुनासिक, भावरहित म्हणावा असा गळा, हे सारे थकलेल्या देहाचे गुणधर्म आहेत. विशी-बाविशीतल्या मुलांनी १९६९ च्या ऑक्टोबरात, जवळजवळ एका दिवसात, हे ध्वनिमुद्रण पुरे केले, यातली विसंगती कोणी फारशी लक्षात घेतली नाही. वयाने तरुण असतानाच त्यांनी म्हातारपणाची लय शोधली होती.

म्हणूनच 'थर्टीन'ची परीक्षा कुतूहलाची ठरते. २०१३ मध्ये तिघेही साठीच्या मध्यावर होते. आयोमीला २०१२ च्या सुरुवातीला लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाले होते, आणि उपचार चालू असतानाच संग्रहाचे काम झाले. जी लय त्यांनी तारुण्यात उसनी घेतली होती, ती आता त्यांची स्वतःची झाली होती. उत्तरकालीन कृतीसाठी याहून अनुकूल परिस्थिती कल्पिता येणार नाही.

ती संधी संग्रह अर्धीच घेतो, आणि याचे कारण त्याच्या योजनेत आहे. निर्माता रिक रुबिन याने वृंदाला पहिला संग्रह ऐकवून, मधली सारी वर्षे विसरून तिथे परतायला सांगितले. परिणाम आठही गीतांवर दिसतो. 'एंड ऑफ द बिगिनिंग' हे पहिले गीत १९७० च्या पहिल्या गीताचा आराखडा जवळजवळ खूण करून गिरवते : संथ, धमकावणारा आरंभ, मग वेगात उडी. 'लोनर'चा रिफ 'एन. आय. बी.'ची आठवण देतो. 'झाइटगाइस्ट' हे हलक्या हातवाद्यांवरचे तरंगते गीत 'प्लॅनेट कॅरव्हान'चे धाकटे भावंड आहे. ही पुनरुक्ती रिफच्या पुनरुक्तीपेक्षा निराळ्या जातीची आहे. रिफ स्वतःला पुन्हा म्हणतो तेव्हा प्रत्येक फेरीत त्याच्यावर काही साचत जाते; म्हणून ती पुनरुक्ती लयनिर्मिती असते. इथे मात्र एक संपूर्ण कृती दुसऱ्या कृतीला उद्धृत करते, आणि साचत काहीच नाही, कारण मधली वर्षे मोजायची नाहीत असा करारच झालेला आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद आहे, विरोध नाही, आणि म्हणून समतोलाचा प्रश्नच उद्भवत नाही. बर्मिंगहॅममधला लाँगब्रिजचा मोटार कारखाना २००५ मध्ये कोसळला. त्याआधी दोन दशके त्या परिसरातील ओतशाळा एकामागून एक बंद पडत होत्या. ज्या जगाच्या जडत्वातून तो नाद आला होता ते जगच सरले, ही या संगीताच्या उत्तरकाळातली सर्वांत मोठी घटना. संग्रहाने तिच्याकडे पाठ फिरवली आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील स्टुडिओत १९७० चे अ‍ॅस्टन उभारणे हे पुनर्निर्माण झाले, स्मरण नव्हे.

सर्वांत बोलका तपशील तालाचा आहे. मूळ तालवादक बिल वॉर्ड या संग्रहात नाही. आपल्याला सही करता येईल असा करार मिळाला तरच सहभागी होऊ, असे त्याने फेब्रुवारी २०१२ मध्ये जाहीर केले होते. तसा करार झाला नाही. त्याच्या जागी 'रेज अगेन्स्ट द मशीन'चा ब्रॅड विल्क आला. विल्क उत्तम वादक आहे, शिस्तीचा, नेमका. परंतु वॉर्डचा ताल जॅझच्या संस्कारातला होता. तो ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळे, रिफशी वाद घाले, कधी कधी त्याच्या पुढेही पळे. संथ गीतांतले ते ओघळणे मुख्यतः त्याच्या हाताचे होते. विल्कचा ठोका जागच्या जागी पडतो. देहाच्या लयीकडे परतण्यासाठी आखलेल्या संग्रहात, जिथे देह हवा होता नेमक्या त्याच ठिकाणी यंत्राची अचूकता येऊन बसली. दोष विल्कचा नाही. ध्वनिमुद्रणाच्या अखेरच्या संस्करणात सगळे आवाज एकाच पातळीवर वर ओढलेले आहेत, त्यामुळे मंद आणि तीव्र यांतले अंतर आणखी आकसते. पहिल्या संग्रहात दोन स्वरांमध्ये मोकळी जागा ऐकू येत असे. इथे ती भरून टाकली आहे. मजुरीच्या तंट्यात एक कारागीर माग सोडून गेला, आणि मालाचा पोत बदलला.

एवढे सारे नोंदवूनही 'थर्टीन' टाकाऊ ठरत नाही, कारण त्याच्या योजनेला चकवून काही जागा निसटल्या आहेत. 'गॉड इज डेड?' या जवळजवळ नऊ मिनिटांच्या गीताचे शीर्षकच प्रश्नचिन्हासह आहे. गीझर बटलरच्या शब्दांत नित्शेचे ते वाक्य विधान राहत नाही. निवेदक त्याच्याभोवती फिरत राहतो आणि अखेरीस ते नाकारण्याच्या बाजूला झुकतो, पण संगीत त्याला ती खात्री देत नाही. शब्द आणि नाद यांत इथे खरा विरोध आहे. ऑस्बोर्नचा आवाज कधीच मोठ्या पल्ल्याचा नव्हता. आता तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा लागतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्याचा म्हणून पटतो. या गीताला २०१४ मध्ये ग्रॅमी मिळाले ही गोष्ट गौण आहे, पण अनाठायी झाली असे म्हणवत नाही.

त्याहून सरस आहे 'डॅमेज्ड सोल'. तो सरळ ब्लूज आहे, आणि त्यात ऑस्बोर्न माउथऑर्गन वाजवतो. 'द विझर्ड'ची आठवण इथेही होते, तरी गीत पहिल्या संग्रहात थांबत नाही. त्याच्याही मागे, या चौघांनी ज्या तबकड्यांवरून संगीत शिकले तिथवर जाते. आयोमीचा एकल वादनाचा भाग लांबत जातो, वाट चुकतो, परत येतो; कोणताही जुना रिफ त्याला हाक मारत नाही. टोपणे चढवलेल्या बोटांनी अर्धशतक वाजवल्यावर येणारी एक बेपर्वाई त्यात आहे. आडोर्नोला अपेक्षित असलेले तडे संग्रहात कुठे असतील तर ते इथे. हे गीत तिसऱ्या-चौथ्या क्रमावर न येता शेवटाच्या आधी येते, त्यामुळे ऐकणाऱ्याला तोवर बराच धीर धरावा लागतो.

शेवटच्या 'डिअर फादर'ची अखेर पाऊस, गडगडाट आणि घंटेच्या टोल्यांनी होते. पहिला संग्रह याच आवाजांनी सुरू झाला होता. वर्तुळ पूर्ण झाले, असे कौतुक बहुतेक परीक्षणकर्त्यांनी केले. हे कौतुक घाईचे आहे. १९७० मध्ये पाऊस आणि घंटा यांच्यानंतर काय येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हते. म्हणून तो आवाज भयाचा होता. २०१३ मध्ये त्याच्यानंतर काही येणार नाही हे सर्वांनाच ठाऊक आहे. आवाज तोच, संकेत उलटा. वर्तुळाची ही समाप्ती फार स्वस्तात मिळवलेली आहे. गीताचा विषय, धर्मगुरूने केलेला बालकाचा छळ, इतका न मिटणारा असताना त्यावर इतक्या सुबक समाप्तीचे झाकण ठेवणे कलादृष्ट्याही खटकते.

तुलनेसाठी मुंबईचे एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' हा वृंद स्थापन झाला. नावात यंत्र होते; पण गिरण्यांचा संप विझल्यानंतरच्या त्या शहरात हे संगीत गिरणगावातून आले नाही. ते आले इंग्रजी शिकलेल्या, तबकड्या परवडणाऱ्या तरुणांकडून. प्रतिबिंबवादाच्या विरोधातला हा दुसरा पुरावा. त्याच वर्षी भिवंडी दंगलीत जळत होती, आणि या दोन घटनांना एकमेकींचा पत्ताही नव्हता. १९९३ मध्ये वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९५ मध्ये त्या नावाचा संग्रह काढला, पुढे तो विखुरला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह आला. तो हेवी मेटलचा नव्हे, रॉकचाच. पण शीर्षकातला पवित्रा 'थर्टीन'च्या अगदी उलट आहे : परतणे नको, बदलणे हवे. नव्या बास व तालवादकांसह केलेल्या या संग्रहाने रॉक मशीनची जुनी लोकप्रिय गाणी गिरवली नाहीत. मात्र त्याची किंमतही त्याला द्यावी लागली. जुन्या श्रोत्यांना त्यात आपली कॉलेजची वर्षे सापडली नाहीत. सांगवीकर शोधणारे वाचक सगळीकडे असतात.

भिवंडीत गेल्या काही वर्षांत माग भंगारात निघत आहेत आणि नाशिक महामार्गाच्या बाजूने गोदामांच्या रांगा वाढत आहेत. गोदामाला आवाज नसतो. तिथल्या मालवाहतुकीतून उद्या कोणते गाणे येईल, किंवा येईल की नाही, हे प्रतिबिंबवादाला सांगता येणार नाही. पण मागाचा खळखळाट थांबल्यावर तो कोणाच्या कानात, कोणत्या निवडीने, लय होऊन उरतो, हा प्रश्न मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी विचारायला हवा. ब्लॅक सॅबथच्या बाबतीत त्याचे एक उत्तर, 'थर्टीन'ने दिले नाही तरी, नंतर मिळाले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये, अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर, चारही मूळ वादक एकत्र आले. ऑस्बोर्न उभा राहू शकत नव्हता. सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला वारला. त्या रात्री वृंदाने चार गीते वाजवली : 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'. चारही १९७० ची. 'थर्टीन'मधले एकही नव्हते. आणि तालावर बिल वॉर्ड होता.